बुक कुठलं, पान कुठलं

खिशात हात घालू नका, मोबाइल तिथं नाही. साल १९९७, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तुम्ही कराडात, तुमच्याच दुकानात उभे आहात आणि ते आधी नाकाला कळतंय: जळालेल्या वार्निशचा कडवट वास, घशाला चिकटणारा. बाकावर पाच एचपीची मोटार उघडून पडली आहे. पोरगा छिन्नीनं कॉइल तोडून खाचांतून बाहेर ओढतोय. दोन गट कोळशासारखे काळे, तिसरा अजून तांबूस. म्हणजे एक फेज गेली, रात्रीच्या लाईटला रानात कुणी नव्हतं आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर हुंकारत जळून गेली. उसाला पाणी हवं असतं तेव्हाच हे होतं. शेतकऱ्याला ती दोन दिवसांत भरून हवी असते, आणि ते रास्तच आहे.

तुमच्या बोर्डावर ‘रिवायंडिंग वर्क्स’ लिहिलंय. पण गिऱ्हाईक तसं म्हणत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मोटार भरायला टाकलीय.’ हा फरक ध्यानात ठेवा, दुपारनंतर तो उपयोगी पडणार आहे.

दारात एक तरुण उभा आहे. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत दोन जाडजूड नमुन्याची बुकं. “मालक, यंदाची पिवळी पानं निघतायत. एक सातारा जिल्ह्याचं बुक, एक सांगली जिल्ह्याचं. तुमचं कुठल्यात घालू?” आणि तुम्ही बोलायच्या आत तो पुढं म्हणतो, “कराड म्हणजे साताराच की. पाव पान घ्या. नाहीतर मलपृष्ठ. मलपृष्ठ सगळ्यांच्या नजरेत येतं.”

या पोराच्या पिशवीमागं एक मोठा खटला आहे, तो सांगायलाच हवा. टेलिग्राफच्या १९५१ च्या नियमांप्रमाणं खात्याच्या परवानगीशिवाय टेलिफोनधारकांची यादी कुणालाही छापता येत नव्हती. मुंबईत टाटा प्रेसनं पिवळी पानं काढली, तेव्हा महानगर टेलिफोन निगमनं याच नियमावर बोट ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३ ऑगस्ट १९९५ ला निकाल लागला: धंदेवाल्यांनी दिलेल्या जाहिरातींचं पुस्तक म्हणजे टेलिफोनधारकांची यादी नव्हे, आणि धंद्याची जाहिरात हीसुद्धा घटनेनं दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच मोडते. न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. अशी माहिती मिळवायचा हक्क घेणाऱ्यालाही आहे. मोटार जळून बसलेल्या माणसाला ती भरणारा कुठं भेटेल हे कळायला हवं. त्या हक्काचा विचार करूनच जाहिरातीची जागा ठरवायला हवी.

पोराला चहा सांगा आणि परवा यायला सांगा. गल्ल्याखालची वही काढा. गेल्या वर्षी आलेल्या मोटारींची नोंद आहे तिच्यात: नाव, गाव, एचपी, किती किलो तार लागली. फक्त गावं वाचत जा. रेठरे, शेरे, उंडाळे, मसूर, उंब्रज ही सातारा जिल्ह्यातली. पण त्यांच्यामध्ये कासेगाव येतं, नेर्ले येतं, बोरगाव, कामेरी, पूर्वेकडून कडेगाव. बोटांवर मोजलंत तर निम्मी वही सांगली जिल्ह्याची निघते.

यात नवल काही नाही. ही हद्दच मुळी नवी आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातले दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली संस्थानं एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा केला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वाळवा, शिराळा, खानापूर हे सगळे आधी साताऱ्याचेच. कागदावर रेघ ओढली गेली, पण बैलगाडीची आणि पुढं ट्रॅक्टरची वाट बदलली नाही. कासेगावच्या माणसाला सांगली लांब, कराड जवळ. मोटार जळाली की तो कराडलाच येतो. टेलिफोनचं बुक मात्र त्याच्याकडं सांगलीचं असतं. तुमचा सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि तो पोरगा तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला कराड साताऱ्यात दिसतं.

दुपारची एसटी पकडा. चार नंबरचा हायवे अजून दोनपदरी आहे, उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रेंगाळते. कासेगावात उतरा. तिथं दाजींचा एसटीडी बूथ आहे. काचेची खोली, आत मीटरचे लाल आकडे, बाहेर बाकावर नंबर लागायची वाट बघणारी माणसं.

“या पाव्हणं, आज मधीच कसं?”

“दाजी, तुमचं बुक बघायला आलोय.”

ते हसत नाहीत, विचारतही नाहीत. खिळ्याला सुतळीनं बांधलेलं बुक काढून देतात. आता ते उघडू नका. बंदच ठेवा आणि कडेनं बघा. पानांच्या कडांवर काळे पट्टे पडलेत, जिथं जिथं लोकांच्या बोटांनी बुक उघडलं तिथं तिथं. सगळ्यात काळा पट्टा डॉक्टर आणि दवाखान्यांचा. त्याच्याखाली ट्रान्सपोर्ट. मग साखर कारखाने. मधली पानं कोरी, पांढरीशुभ्र, वर्षभर कुणी हात न लावलेली. आणि मलपृष्ठ? मलपृष्ठ नाहीच. ते पहिल्या पावसाळ्यात भिजून फाटलं, नाहीतर त्याच्या आधीच कधीतरी कुणीतरी त्यात भजी बांधून नेली. ज्यानं त्या पानाला सगळ्यात जास्त पैसे मोजले असतील, त्याचं नाव आता या बूथमध्ये उरलेलं नाही.

“दाजी, मोटार जळाली म्हणून कुणी नंबर शोधत येतं का?”

“रोज येत्यात की उन्हाळ्यात. म्हंत्यात, मोटारवाल्याचा नंबर बघा. मी मोटारीचं पान काढतो. तितं सगळी गॅरेजं आन ड्रायव्हिंग स्कूलं. मग म्या पंपाचं पान काढतो. तितं दुकानदार हायत, नवा पंप इकणारं. भरणारा कुणी घावत न्हाई.”

बघा, उत्तर इथंच मिळालं. माणसं जिला मोटार म्हणतात, ती बुकाच्या भाषेत पंप असते; बुकात मोटार म्हणजे गाडी. आणि रिवायंडिंग या शब्दाखाली बूथवाला कधी बघतच नाही. आपल्या धंद्याचं नाव आपण काय ठेवलंय याला इथं किंमत नाही. अडलेला माणूस कुठल्या शब्दानं शोधायला सुरुवात करतो, तिथं आपली चौकट पाहिजे. चौकट लहान असली तरी चालेल.

प्रत्येकाला हे सारखं लागू पडत नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन मोती चौकात उभे राहा. कंदी पेढ्याच्या दुकानापुढं लोक वासानं थांबतात, कढईतल्या खव्याकडं बघतात, पाव किलो बांधून घेतात. त्यांना टेलिफोनचं बुक लागत नाही. पेढेवाल्यानं आपले पैसे एसटी स्टँडवरच्या पाटीला द्यावेत, किंवा गणपती मंडळाच्या अहवालाला. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतदाराचं उलटं. त्याचा माल घेणारा परगावचा, परराज्यातला. त्याला सांगलीच्या बुकातल्या पानाचा काय उपयोग? खरेदीदार जिथं बसतो त्या शहराच्या बुकात त्याचं नाव हवं. मिरजेच्या सतारी करणाऱ्यांचंही तेच, त्यांचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याकडून येतं.

मिरजेचं आणखी एक आहे. डॉक्टर आणि वकील यांना जाहिरात करायला त्यांच्या परिषदांचीच मनाई. म्हणून सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान त्यांचं असूनही तिथं मोठी चौकट त्यांना घेता येत नाही. पण वॉनलेस हॉस्पिटलच्या आसपास लॉज चालवणाऱ्याला ती घेता येते. पेशंटला घेऊन येणारा नातेवाईक आधी दवाखान्याचा नंबर शोधतो. त्याच पानावर, शेजारी, राहायची सोय दिसली तर त्याला रात्री अकरा वाजता स्टेशनवर पिशव्या घेऊन फिरावं लागत नाही. मिरजेत माझा लॉज असता, तर मी डोळे झाकून तीच जागा मागितली असती.

तिसऱ्या दिवशी पोरगा येतो. त्याला सांगा: सांगलीच्या बुकात पंप या सदराखाली चौकट, आणि मोटारच्या पानावर फक्त एक ओळ, ‘पाण्याच्या मोटारींसाठी पंप हे सदर पाहा’. साताऱ्याच्या बुकात ठळक अक्षरात नाव, एवढंच. तो गोंधळतो. “मालक, घरच्या बुकात बारीक आणि परक्या बुकात मोठं?” होय. घरच्या माणसांना दुकान ठाऊक आहे. बुक उघडतो तो परका. चौकटीत मजकूर असा घाला: ‘जळालेली, पाण्यात गेलेली मोटार भरून मिळेल.’ त्याखाली नंबर, चौकटीत मावेल तेवढ्या मोठ्या टायपात. देवाचं चित्र नको, नक्षी नको. बूथमधला बल्ब चाळीसचा असतो आणि नंबर वाचणाऱ्याचा चष्मा बहुतेक वेळा घरी राहिलेला असतो.

पंधरा दिवसांनी प्रूफ येतं. कागद उजेडात धरा, शब्द न् शब्द बोट ठेवून वाचा, कारण चूक राहिली तर ती वर्षभर राहणार. नाव बरोबर. पत्ता बरोबर. नंबर पाच आकडी, बरोबर. थांबा. कोड कुठाय? कासेगावचा माणूस इस्लामपूरच्या ०२३४२ वरून बोलणार, सांगलीचा ०२३३ वरून. नुसता नंबर फिरवला तर तो कराडला लागणारच नाही, त्याच्याच गावातल्या भलत्याच माणसाला उठवेल, नाहीतर कुठंच लागणार नाही. लाल पेनानं लिहा: ०२१६४, आणि त्यापुढं ‘कराड’. साताऱ्याच्या बुकातही लिहा, कारण साताऱ्याचा कोड ०२१६२ आहे. एका जिल्ह्यात राहून दोन कोड. एवढ्या चार-पाच आकड्यांवाचून अख्खं पान वाया गेलं असतं. पुढच्या काळातून आलाय म्हणून तुम्हाला आणखी एक ठाऊक आहे: पाच-सहा वर्षांत सगळ्या नंबरांआधी २ लागणार आहे आणि छापलेली सगळी बुकं एका दिवसात जुनी होणार आहेत. ते आता सांगून उपयोग नाही. यंदाचं यंदा नीट छापून घ्या.

बुक जूनमध्ये येणार म्हणाला पोरगा. तुमचा जीव खट्टू होतो. मोटारी जळायचा उन्हाळा तर गेला. पण वहीची मागची पानं चाळा, जुलै-ऑगस्टची. कृष्णा चढली की काठावरच्या मोटारी पाण्यात जातात. कुणाला काढता येतात, कुणाला नाही. म्हणूनच तुम्ही ‘पाण्यात गेलेली’ हे शब्द घातले होते, आणि ते बरोबर वेळेला छापून येतायत.

आता ऑगस्ट. तीन दिवस पावसानं उघडीप दिलेली नाही. कोयना आणि कृष्णा दोन्ही फुगल्यात, प्रीतिसंगमावर लोक पाणी बघायला जमलेत. रात्रीचे सव्वादहा. दुकान बंद करून तुम्ही माडीवर जेवायला बसलाय. खालचा फोन वाजतो. दोनदा वाजून थांबतो. पुन्हा वाजतो. हात तसाच खरकटा ठेवून तुम्ही जिना उतरता.

“हॅलो, मिस्त्री का? बोरगावहनं बोलतोय. पाणी वर आलं, मोटारी काढायला गावल्या न्हाईत. दोन गेल्या.”

“किती एचपीच्या?”

“एक साडेसात, एक पाच. पाणी उतारलं की वडून काढतो. कवा भरून मिळतील?”

“आणा, लगेच हातात घेतो. नंबर कुठं मिळाला तुम्हाला?”

“बुकात.”

“कुठल्या बुकात?”

पलीकडं पावसाचा आवाज, कुणाशी तरी बोलणं, मीटर चालू आहे म्हणून घाई. “सांगलीच्या. पंपाच्या पानावर.”

तुम्ही डाव्या हातानं वही ओढता. सातारा, सांगली, ओळखीनं, असे तीन रकाने पहिल्या पानावर आखून ठेवलेत. सांगलीखाली एक उभी रेघ मारता.

“बरं, ऐका,” तुम्ही म्हणता, “बाहेर काढल्यावर वाळवून चालू करून बघू नका. तशाच आणा. नाहीतर जी वाचायची तीबी जळंल.”