गुग्गुळ: धूपदाणीतून प्रयोगशाळेत



तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतात तो गुग्गुळ तुमच्या ओळखीचाच. कच्छ-राजस्थानच्या कोरड्या जमिनीत वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा हा डिंक. आज त्याची गोष्ट ऐकू. 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांनी ती ऐकावी आणि 'जुनं ते सगळं खोटं' म्हणणाऱ्यांनीही.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर, म्हणजे शरीरात मेद साचण्याच्या विकारावर, गुग्गुळ सांगितला आहे. हे वर्णन खरं किती? बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी ते तपासायला घेतलं. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि गुग्गुळ दिल्यावर काय फरक पडतो ते पाहिलं. रक्तातली चरबी उतरली. १९६६ साली त्यांचा प्रबंध आला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं या डिंकापासून 'गुगुलिपिड' हे औषध तयार केलं.

१९९४ साली ६१ भारतीय रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. आहाराच्या पथ्यासोबत २४ आठवडे गुग्गुळ घेतल्यावर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, सुमारे १२ टक्के घटलं. चरबीचं ऑक्सिडीकरणही कमी झालेलं दिसलं.

हे घडतं कसं? २००२ साली अमेरिकी संशोधकांनी उत्तर सुचवलं. यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतात. ती पुरेशी झाली की पेशीतला एक ग्राहक हे काम थांबवतो. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरोन त्या ग्राहकालाच अडवतं. हा ग्राहक नसलेल्या उंदरांच्या यकृतावर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही.

सगळं जुळलं असं वाटत असतानाच २००३ साली अमेरिकेतली चाचणी आली. १०३ माणसं, ८ आठवडे. गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल कमी होण्याऐवजी चार-पाच टक्के वाढलं! काहींच्या अंगावर पुरळही उठलं. दोन्हीकडची माणसं वेगळी, आहार वेगळा. तरी गुग्गुळ सर्वांना लागू पडतो, हा दावा तिथे टिकला नाही.

म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करून गुग्गुळ सुरू करू नका. सुश्रुतानं दिशा दाखवली, पण त्या वाटेवर पुरावा शोधायला सत्यवतींना प्रयोगशाळेतच जावं लागलं. परंपरेचा खरा मान राखला तो असा.

आणखी एक. डिंकासाठी खोल चिरा पाडल्यानं झुडपं मरतात. आज गुग्गुळ अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. झुडूपच उरलं नाही, तर तपासणार काय?