डोंगर कुणाचा, कमाई कुणाची?

थंडी पडली की पनवेलकरांच्या मोबाईलवर दोन प्रकारचे फोटो फिरतात. एक गुलमर्गच्या बर्फाचे, दुसरे कलावंतीणच्या पायऱ्यांवरचे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण हिवाळ्यात डोंगर गाठायची हौस तीच. या हौसेलाही इतिहास आहे, म्हणून हे लिहितोय.

मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट आपल्या शेजारच्या चौक गावातून डोंगर चढला. दप्तरात नोंद झाली, 'माथेरानचा शोध लागला.' गंमत बघा, धनगर, ठाकर आणि कातकरी त्या डोंगरात आधीपासूनच होते! पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने तिथं लक्ष घातलं, बंगले उभे राहिले. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून छोटी गाडी वर गेली. ज्यांना डोंगराची पायवाट न् पायवाट ठाऊक होती, त्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक ओझी उचलायचंच काम आलं.

आता युरोपातलं शामोनी घ्या. आल्प्समधलं बर्फाचं गाव. 1786 मध्ये तिथल्याच दोघांनी, बाल्मा आणि डॉक्टर पाकार यांनी, माँ ब्लाँ पहिल्यांदा सर केला. मग पाहुण्यांची रीघ लागली. 1820 मध्ये पाहुण्यांना वर नेताना हिमकडा कोसळून तीन वाटाडे गेले. गाव नुसतं हळहळत बसलं नाही. दुसऱ्याच वर्षी, 1821 मध्ये, वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. काम पाळीपाळीने वाटायचं, आणि कुणी दगावला तर घरच्यांसाठी निधी ठेवायचा. याच शामोनीत 1924 मध्ये पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. आधी वाटाड्यांचा हक्क, मग जगाचा मेळा. हा क्रम लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय चाललंय? शनिवार-रविवारी ठाकूरवाडीपर्यंत गाड्यांची रांग. वर प्रबळमाचीची आदिवासी पोरं पिठलं-भाकरी करतात, तंबू लावतात, वाट दाखवतात. कलावंतीणच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, बाजूला कठडा नाही. पाहुणा घसरला तर आधी धावतं कोण? हीच पोरं. त्यांचा विमा काढलाय का, त्यांना दोर आणि स्ट्रेचर दिलंय का, हे विचारायची वेळ आली की सगळे गप्प. पावसाळ्यात बंदीचा आदेश निघतो, पण बंदी म्हणजे काही व्यवस्था नव्हे.

आणि इर्शाळवाडी विसरू नका. मॅलेट जिथून चढला त्याच चौकजवळची वाडी. इर्शाळगडाचे ट्रेकर तिथं थांबायचे, जेवायचे. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. आपण वर्षानुवर्षं तिथून गेलो, फोटो काढले. वाडीवरच्या उताराची काळजी आपल्यापैकी कितीजणांनी केली?

म्हणून मागणी साधी आहे. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत ग्रामपंचायत, वनखातं आणि तहसील यांनी एकत्र बसावं. वाटाड्यांची नोंदणी, विमा, बचावाचं साहित्य आणि प्रशिक्षण, रोजच्या माणसांना मर्यादा. प्रवेशशुल्क घ्यायचं तर त्यातला ठरलेला वाटा वाडीच्या निधीत जावा, आणि प्रत्येक वाडीच्या उताराची तपासणी पावसाआधी व्हावी.

शामोनीच्या गावकऱ्यांना तीन माणसं गेल्यावर जाग आली. आपल्याकडे 84 गेली आहेत.