ब्रेकपॉइंटचा पत्ता

चालत्या प्रोग्राममध्ये इथे थांब, असं सांगणारी खूण म्हणजे ब्रेकपॉइंट. एनिॲकवर हे 'इथे' हाताला लागणारं होतं. १९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगापुढे आलेल्या त्या यंत्रात प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणी. पुढच्या पायरीला इशारा देणारी तार उपसली की काम तिथेच थांबे आणि दिव्यांवरून आकडे वाचता येत. या युक्तीचं श्रेय बेट्टी होल्बर्टन यांना दिलं जातं. पुढे प्रोग्राम मेमरीत गेला आणि तारेची जागा पत्त्याने घेतली. चुका शोधायला मदत करणारा प्रोग्राम, म्हणजे डीबगर, त्या पत्त्यावरची मूळ सूचना बाजूला जपून ठेवतो आणि तिच्या जागी थांबण्याची सूचना लिहितो. इंटेलच्या ८०८६ प्रोसेसर घराण्यात (१९७८) ही सूचना 'सीसी' या एकाच बाइटची आहे, आणि त्यात शहाणपण आहे: मूळ सूचना कितीही छोटी असली तरी शेजारच्या सूचनेला धक्का लागत नाही.

या साऱ्याचा आधार एकच, पत्ता आधी ठाऊक असणं. माझ्या मते शेअर्ड लायब्ररीने नेमका तोच काढून घेतला आणि ब्रेकपॉइंट जागेचा न राहता नावाचा झाला. लायब्ररी तर १९४९ पासून केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर होती, मग नवं काय घडलं, असं कुणी विचारेल. पण त्या लायब्ररीतली कागदी फितीवरची सबरूटीन प्रत्येक प्रोग्राममध्ये उतरवून घेतली जात, त्यामुळे प्रोग्राम सुरू होण्याआधीच त्यांची जागा ठरलेली असे. मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने १९६०च्या दशकात हे बदललं. युनिक्सच्या जगात १९८८च्या सनओएस ४.० पासून ही रीत रुळली. मेमरीत लायब्ररीची एकच प्रत, ती अनेक प्रोग्रामांना सामाईक, आणि तिचा पत्ता ठरणार प्रोग्राम सुरू होताना, कधी कधी तर मध्येच. प्रोग्रामर फंक्शनचं नाव सांगतो, पण खूण करायला अजून जागाच नसते. अशा वेळी जीडीबी हा डीबगर विचारतो, हा ब्रेकपॉइंट प्रलंबित ठेवू का? ठेवला, तर लायब्ररी आल्याची वर्दी कोण देणार? त्यासाठी लायब्ऱ्या जोडणारा डायनॅमिक लिंकर दाखल लायब्ऱ्यांची यादी राखतो आणि यादी बदलली की एका ठरावीक फंक्शनला हाक मारतो. डीबगरने आपला गुप्त ब्रेकपॉइंट तिथे आधीच लावलेला असतो. प्रोग्राम थांबला की डीबगर यादी वाचतो, नाव शोधतो आणि खरी खूण करतो.

एकाच प्रतीत 'सीसी' लिहिला तर शेजारचे प्रोग्रामही अडकतील, ही शंका रास्त आहे. पण लिहिण्याच्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल मेमरीच्या त्या पानाची खासगी प्रत करून देतो. डीबगिंगपुरती लायब्ररी प्रोग्राममध्येच कायमची जोडा, हा सल्ला मला पटत नाही. मग आपण तपासतो एक आणि लोक वापरतात दुसरंच, आणि चालू असताना येणारे प्लगइन तर तसे जोडताच येत नाहीत. ८०८६च्याच घराण्यातल्या ८०३८६ (१९८५) मध्ये प्रोसेसरनेच ब्रेकपॉइंटसाठी चार रजिस्टर दिली. त्यांना मेमरीत काही लिहावं लागत नाही, पण पत्ता त्यांनाही लागतोच. म्हणून आजही भिस्त डीबगर आणि डायनॅमिक लिंकर यांच्यातल्या करारावरच आहे. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीत, लिंकर ज्याला हाक मारतो त्या फंक्शनचं नाव '_डीएल_डीबग_स्टेट' आहे. ते केवळ डीबगरला थांबता यावं म्हणून ठेवलेलं आहे आणि त्याच्या महिरपी कंसांत कोडची एकही ओळ नाही.