उचल, कोयता आणि जिनिव्हाचे एक कलम

१/ ७ सप्टेंबर १९५६ रोजी जिनिव्हा येथे गुलामगिरीविरोधी पूरक करार संमत झाला. कर्जापोटीची वेठ, मोबदला घेऊन स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध विवाहात देणे आणि श्रमाच्या पिळवणुकीसाठी पालकांनी मूल दुसऱ्याच्या हवाली करणे, या तिन्ही प्रथा त्याच्या पहिल्याच कलमात शेजारी शेजारी आहेत. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. हा केवळ योगायोग. पण त्या जिल्ह्याचा पुढचा इतिहास वाचताना हे कलम हाताशी असावे.

२/ पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊसतोडीसाठी बालाघाटच्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यातून, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून, माणसे जाऊ लागली. हंगामापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो. हंगामात ती फिटली नाही, तर पुढच्या हंगामावर चढते.

३/ या व्यवसायाचे शब्द कोणत्याही दस्तऐवजाइतकेच बोलके आहेत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. म्हणजे मुलाचे लग्न झाले की कोयता पूर्ण होतो आणि उचलही वाढते. मुलीच्या आईबापांपुढे वेगळीच चिंता असते : सहा महिने फडावर जायचे, तर वयात आलेली पोर गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? कारखान्याच्या दारातच उरकलेल्या लग्नांना बीडमध्ये ‘गेटकेन’ म्हणतात. बाहेरून येऊन थेट कारखान्याच्या दारात विकल्या जाणाऱ्या उसाचे हे नाव. ते लग्नाला चिकटावे, यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही.

४/ जिनिव्हाने एकत्र पाहिलेले हे प्रश्न भारतीय कायद्याने मात्र वेगवेगळे हाताळले. १९२९चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यातल्या बीडला तो लागू नव्हता. पुढे वेठबिगारीसाठी १९७६चा, बालमजुरीसाठी १९८६चा आणि बालविवाहासाठी २००६चा कायदा आला. १९९२मध्ये भारताने बालहक्क संहिता स्वीकारली, पण बालमजुरीविषयीच्या ३२व्या कलमापाशी ‘टप्प्याटप्प्याने’ अशी पुस्ती जोडूनच. २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई केली. शाळेनंतर कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची मुभा मात्र ठेवली. उसाचा फड हा काही मजुराच्या कुटुंबाचा उद्योग नव्हे. तरीही आईमागे मोळ्या बांधणारे मूल पाहणाऱ्याला मदत करतानाच दिसते.

५/ मानवी व्यापाराविषयीचा २००० सालचा पालेर्मो मसुदा याहून कठोर आहे. पिळवणुकीसाठी अठरा वर्षांखालील व्यक्तीची भरती वा वाहतूक केली, की बळजबरी वा फसवणूक नसली तरी तो व्यापारच. संमतीला तेथे अर्थ नाही. भारताने तो २०११मध्ये मान्य केला. पण मुकादमाचा व्यवहार होतो मोठ्यांशी. मुलाची भरती झाल्याची नोंदच नसते. ते आईबापांबरोबर ‘आलेले’ असते.

६/ उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्यांलगत साखरशाळा निघाल्या; नंतर मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधील २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. २०२१मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. या साऱ्या योजनांचा हात मुलापर्यंत पोहोचतो. उचलीचा हिशेब मात्र आजही मुकादमाच्याच वहीत असतो.