विदेशगमन आणि पदवीचे मूल्यांकन

कॅनडासारख्या देशात कुशल कामगार म्हणून स्थायिक होऊ पाहणाऱ्या गोमंतकीय तरुणाला आपल्या पदवीचे त्या देशातील मोल अधिकृतपणे सिद्ध करावे लागते. या प्रक्रियेस शैक्षणिक पात्रतेचे मूल्यांकन म्हणतात. पेडणे तालुक्यातील इच्छुकांनाही तिची ओळख आधीच असणे हिताचे आहे, कारण यात बहुधा गुणांपेक्षा कागदपत्रेच आडवी येतात.

कॅनडाने ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजनेसाठी २०१३ पासून विदेशी पदवीचे मूल्यांकन सक्तीचे केले. ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ ही गुणांकनपद्धती जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तीत एकट्या अर्जदारास तीन वर्षांच्या पदवीचे १२०, तर पदव्युत्तर पदवीचे १३५ गुण मिळतात. जोडीदाराच्या शिक्षणाचे गुण हवे असल्यास त्याचेही स्वतंत्र मूल्यांकन लागते. अहवाल पाच वर्षे ग्राह्य धरला जातो.

हे काम त्या सरकारने नेमलेल्या संस्थाच करतात. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही त्यांतील आपल्याकडे सर्वपरिचित संस्था होय. डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा आणि औषधतज्ज्ञांसाठी फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड या स्वतंत्र संस्था आहेत. ऑस्ट्रेलियात व्यवसायनिहाय कौशल्य तपासले जाते. अभियंत्यांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, तर संगणकक्षेत्रासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी ही जबाबदारी पाहते.

गुणपत्रिकांची झेरॉक्स प्रत अर्जदाराने स्वतः धाडून सहसा भागत नाही. पदवी देणाऱ्या विद्यापीठाने प्रमाणित गुणतक्ता मोहोरबंद लिफाफ्यातून किंवा मान्य संगणकीय मार्गाने थेट मूल्यांकन संस्थेकडे पाठवावा लागतो. म्हणूनच आपली पदवी नेमकी कोणत्या विद्यापीठाची, हे प्रथम पाहावे. विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयातील पदवीधरास ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठाकडे अर्ज करावा लागेल. सावंतवाडीत शिकलेल्यास मुंबई विद्यापीठाकडे, तर कोल्हापुरात शिकलेल्यास बहुधा शिवाजी विद्यापीठाकडे जावे लागेल. दोन विद्यापीठांच्या पदव्या असल्यास दोन्हीकडे पाठपुरावा अटळ आहे.

दुसरी अडचण नावाची. एकच ‘गावकर’ आडनाव रोमी लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असे झाल्यास ही सर्व कागदपत्रे एकाच व्यक्तीची आहेत, हे सिद्ध करावे लागते. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा. गोव्यात नाव व आडनाव बदलासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे; रीतसर बदल केला असल्यास त्याचाही पुरावा जपावा. ही दुरुस्ती अर्ज करण्यापूर्वीच उरकणे श्रेयस्कर.

मूल्यांकन म्हणजे नोकरीची हमी नव्हे, व्यवसायाचा परवानाही नव्हे. परिचारिका, डॉक्टर वा वकील यांना तेथील नियामक मंडळाची मान्यता निराळी मिळवावी लागते. पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या गोमंतकीयांना युरोपीय संघातील देशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो. तरी अशा नियमबद्ध व्यवसायांसाठी पदवीची मान्यता त्यांनाही चुकत नाही.

दलालाच्या भरवशावर बनावट गुणपत्रिका जोडणे तर आत्मघातकीच ठरेल. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कॅनडात पाच वर्षांची प्रवेशबंदी लागू होते. अर्जाखाली सही आपली असते, तेव्हा जबाबदारीही आपलीच. मूल्यांकन संस्थेच्या संकेतस्थळावर अर्जदाराला स्वतः खाते उघडता येते. शुल्क व नियम बदलत असल्याने ते तेथेच पडताळावेत आणि प्रत्येक पावती व टपालाचा क्रमांक जपून ठेवावा.