स्थिरचित्रांची साक्ष

चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्याची अडचण साहित्याच्या इतिहासकारापेक्षा निराळी असते. एखादी पोथी गहाळ झाली तरी तिची नक्कल दुसऱ्या एखाद्या मठात किंवा वाड्यात मिळण्याची आशा असते. मूकपटांच्या नायट्रेट फिल्मला मात्र आग, काळ आणि व्यापार या तिन्हींचे भय होते. १९२९-३०च्या सुमारास बोलपट रुळले, आणि बाजारात किंमत न उरलेल्या असंख्य मूकपटांच्या प्रती टाकून दिल्या गेल्या किंवा त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या. अशा चित्रपटांचे जे अवशेष मागे राहिले त्यांत स्थिरचित्रे, म्हणजे या व्यवसायात ज्यांना सरसकट ‘स्टिल’ म्हणतात ती छायाचित्रे, फार महत्त्वाची आहेत. युरोपातील अभिजात चित्रपटांची जुनी स्थिरचित्रे जमविणे हा पुष्कळांना निव्वळ हौशी माणसांचा छंद वाटतो. या छंदाने इतिहासाला काय दिले आणि जे दिले ते कितपत विश्वसनीय आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. स्थिरचित्र हा चित्रपटाचा तुकडा नव्हे. दृश्याचे चित्रीकरण झाले की नट पुन्हा आपापल्या जागी उभे राहत आणि एक स्वतंत्र छायाचित्रकार आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने त्यांचे चित्र घेई. साहजिकच या चित्राचा कोन निराळा, रेखीवपणा अधिक आणि नटांची स्तब्धता मुद्दाम आणलेली असे. त्याच्या कागदी प्रती वृत्तपत्रांकडे जात, चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावल्या जात, आणि खेळ उतरला की त्यांचे प्रयोजन संपे. कोपऱ्यांवर टाचणीची भोके असलेल्या या प्रती कोणी जपून ठेवाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. ज्यांनी त्या जपल्या त्यांनी इतिहासाचे केवढे काम केले, हे ‘मेट्रोपोलिस’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

फ्रिट्झ लांग यांचा हा चित्रपट १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखविला गेला. लवकरच अमेरिकेतील आणि पाठोपाठ जर्मनीतील प्रदर्शनासाठी त्याची मोठी काटछाट झाली आणि सुमारे एक चतुर्थांश भाग नाहीसा झाला. त्यात हेल या स्त्रीचे स्मारक असलेला प्रसंगही होता. शास्त्रज्ञ रोटवांग आणि नगराधिपती फ्रेडरसेन या दोघांचेही हेलवर प्रेम होते. तिने फ्रेडरसेनशी विवाह केला आणि त्याच्या मुलाला जन्म देताना ती मरण पावली. इंग्रजीत ‘नरक’ या अर्थाच्या शब्दाशी तिच्या नावाचे साम्य असल्यामुळे अमेरिकी आवृत्तीतून हे पात्रच वगळले गेले. परिणामी रोटवांग यंत्रमानव का घडवितो, याचे कारणच प्रेक्षकांना कळेनासे झाले. मात्र चित्रीकरणाच्या वेळी पटकथालेखिका थेआ फॉन हार्बू यांचे बंधू होर्स्ट फॉन हार्बू यांनी घेतलेली स्थिरचित्रे टिकली होती. त्यांत हेलचे ते दगडी शिल्प दिसत होते. म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाचे एन्नो पाटालास यांनी १९८७ साली चित्रपटाची जी पुनर्रचना पूर्ण केली, तिच्यात सेन्सॉरची कागदपत्रे, गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांची संगीतसंहिता आणि ही स्थिरचित्रे यांच्या आधारे गाळलेल्या जागा भरल्या. २००८ साली ब्युनॉस आयर्समध्ये चित्रपटाची जवळजवळ संपूर्ण अशी, १६ मिलिमीटरची एक झिजलेली प्रत उजेडात आली आणि २०१० साली तिच्यासह सिद्ध झालेली आवृत्ती बर्लिनमध्ये दाखविली गेली. हेलचा प्रसंग पडद्यावर परतला. कागदावरच्या साक्षीदाराने आठ दशके जे सांगितले होते, ते खरे ठरले.

याच्या शेजारी सर्गेई आयझेन्श्टाइन यांच्या ‘बेझिन कुरण’ या चित्रपटाचे उदाहरण ठेवून पाहावे. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी १९३७ साली त्याचे काम थांबविले आणि त्याची फिल्म पुढे नष्ट झाली. परंतु संकलनाच्या वेळी प्रत्येक दृश्यखंडातून कापून ठेवलेल्या काही चौकटी आयझेन्श्टाइन यांच्या पत्नी पेरा अताशेवा यांनी सांभाळल्या होत्या. त्यांच्या आधारे सर्गेई युत्केविच आणि नाउम क्लाइमन यांनी १९६७ साली प्रोकोफिएव्ह यांच्या संगीताच्या साथीने सुमारे अर्ध्या तासाची एक चित्रमालिका सिद्ध केली. येथे जे उरले ते खऱ्या अर्थाने चित्रपटाचे तुकडे आहेत. कॅमेऱ्याने जे पाहिले तेच ते दाखवितात. स्थिरचित्र कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाची दृष्टी दाखविते. साक्ष दोन्हींची घ्यावी. परंतु एकीला दुसरी समजू नये.

हा भेद विसरला म्हणजे काय होते, हे ‘ब्रेथलेस’ या इंग्रजी नावाने आपल्याकडे परिचित असलेल्या झाँ-ल्यूक गोदार यांच्या चित्रपटाच्या संदर्भात दिसते. १९५९च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या रस्त्यांवर त्याचे चित्रीकरण झाले आणि रेमाँ कोशतिए यांनी स्थिरचित्रे घेतली. शाँझेलिझेवर जीन सीबर्ग झाँ-पॉल बेलमाँदोच्या गालाचे चुंबन घेत असल्याचे त्यांचे छायाचित्र जगभर पोहोचले. नव्या फ्रेंच चित्रपटाचे ते जणू बोधचिन्हच झाले. पण चित्रपटात तो क्षण नाहीच. ज्याने केवळ स्थिरचित्रावरून चित्रपट ओळखला, त्याच्या स्मरणात कधीही न घडलेले दृश्य वसले. तरीही हे छायाचित्र खोटे ठरत नाही. त्या नटांमधील मोकळेपणाचे आणि त्या उन्हाळ्याचे ते दस्तऐवज आहे. फक्त ते चित्रपटाचे दस्तऐवज नाही.

म्हणून संग्राहकाचे खरे कौशल्य चित्राच्या पाठीमागे आहे, असे म्हणावेसे वाटते. स्टुडिओचा शिक्का, अनुक्रमांक, वृत्तपत्राने चिकटविलेली मजकुराची पट्टी, पेन्सिलीने लिहिलेली तारीख यांवरून ती प्रत कोणी, कोणासाठी आणि केव्हा काढली हे कळते. कागदही बोलतो. १९५०च्या सुमारापासून छायाचित्रांच्या कागदात शुभ्रता वाढविणारी द्रव्ये मिसळली जाऊ लागली आणि असा कागद अतिनील प्रकाशात चमकतो. १९२०च्या दशकातील म्हणून विकली जाणारी प्रत तशी चमकली, तर ती नंतर काढलेली आहे हे उघड होते. बाजार मात्र चेहऱ्याला किंमत देतो. प्रसिद्ध नटीचे चित्र काचेआड जाते आणि त्याच मालिकेतील रिकाम्या दिवाणखान्याचे किंवा अनोळखी नटाचे चित्र रद्दीत जाते. उद्याच्या पुनर्रचनेला कदाचित तेच दुसरे चित्र लागेल. हेलचे स्मारक हा कोण्या तारकेचा चेहरा नव्हता.

ही जाण ज्यांना प्रथम झाली त्यांत लॉटे आइस्नर यांचे नाव घेतले पाहिजे. १९३३ साली नाझी सत्तेमुळे बर्लिन सोडून त्या पॅरिसला आल्या. १९३६ साली स्थापन झालेल्या सिनेमाथेक फ्रान्सेझमध्ये १९४५ पासून तीन दशके त्यांनी पटकथा, वेशभूषा, नेपथ्याची रेखाटने आणि स्थिरचित्रे जमविली. ज्या जर्मनीने त्यांना परागंदा केले, तिच्याच चित्रपटांची स्मृती त्यांनी परक्या शहरात राखली.

हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याचे दृश्य रूप आपण स्थिरचित्रांवरून आणि जाहिरातींवरून जाणतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेव्हा मूकपटांचा बहुतेक ठेवा नाहीसा झालेला होता. अशा देशात जुन्या पेटाऱ्यातून निघालेले, कडा पिवळ्या पडलेले, कोणा अनोळखी नटाचे चित्र फेकून देण्यापूर्वी ते उलटून पाहावे. पाठीवर चित्रपटाचे नाव असेल, तर कदाचित त्या नावाच्या चित्रपटाचे तेवढेच उरलेले असेल.