मानवी हृदय

मानवी हृदय हा रक्ताभिसरण संस्थेच्या केंद्रस्थानी असलेला, स्नायूंनी बनलेला पोकळ अवयव आहे. तो छातीच्या पिंजऱ्यात, दोन फुप्फुसांच्या मध्ये आणि उरोस्थीच्या मागे किंचित डावीकडे कललेला असतो. त्याचा आकार साधारणपणे व्यक्तीच्या बंद मुठीएवढा असून प्रौढांमध्ये वजन सुमारे २५० ते ३५० ग्रॅम असते. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला सरासरी ७२ वेळा आकुंचन पावते, म्हणजेच दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके पडतात. हृदय सर्व शरीराला रक्त पुरवते. मात्र त्याच्या स्वतःच्या स्नायूंचा पुरवठा मुख्यतः दोन लहान धमन्यांवर अवलंबून असतो.

रचना

हृदयाभोवती परिहृदय नावाचे दुहेरी आवरण असते. या आवरणाच्या दोन पदरांमधील थोड्याशा द्रवामुळे आकुंचनाच्या वेळी घर्षण होत नाही. हृदयाच्या भिंतीचा मधला आणि सर्वांत जाड थर हृद्स्नायूंचा असतो. हे स्नायू अनैच्छिक असून आयुष्यभर अखंड काम करतात.

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद, तर खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. उजवी आणि डावी बाजू स्नायुमय पडद्याने विभागलेली असल्यामुळे ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित रक्त एकमेकांत मिसळत नाही. अलिंदांना रक्त केवळ खालच्या निलयात ढकलायचे असल्याने त्यांच्या भिंती पातळ असतात. डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा सुमारे तिप्पट जाड असते; कारण उजवा निलय रक्त जवळच्या फुप्फुसांत पाठवतो, तर डाव्या निलयाला ते डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोहोचवावे लागते.

रक्त एकाच दिशेने वाहावे यासाठी चार झडपा असतात. उजवे अलिंद व उजवा निलय यांच्यामध्ये त्रिदली झडप, तर डावे अलिंद व डावा निलय यांच्यामध्ये द्विदली झडप असते. फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांच्या मुखाशी प्रत्येकी एक अर्धचंद्राकृती झडप असते.

रक्ताचा मार्ग

शरीरातून आलेले ऑक्सिजनविरहित रक्त दोन महाशिरांवाटे उजव्या अलिंदात येते. तेथून ते उजव्या निलयात आणि पुढे फुप्फुस धमनीतून फुप्फुसांत जाते. तेथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जाऊन ऑक्सिजन घेतला जातो. शुद्ध झालेले रक्त फुप्फुस शिरांवाटे डाव्या अलिंदात व नंतर डाव्या निलयात येते आणि महाधमनीतून सर्व शरीराला पुरवले जाते. शरीराची एक फेरी पूर्ण करताना रक्त हृदयातून दोनदा जाते, म्हणून या व्यवस्थेला दुहेरी अभिसरण म्हणतात.

हृदयाचा ठोका

हृदयाच्या ठोक्याची विद्युत प्रेरणा उजव्या अलिंदाच्या भिंतीतील एस. ए. नोड या पेशीसमूहात निर्माण होते. याला हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर म्हणतात. ही प्रेरणा प्रथम दोन्ही अलिंदांत पसरते. त्यानंतर ए. व्ही. नोड येथे ती सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळते. या अल्पशा विलंबामुळे निलयांचे आकुंचन सुरू होण्यापूर्वी ते रक्ताने भरण्यास अवधी मिळतो. पुढे हिस तंतूंचा जुडगा व पुर्किंजे तंतू यांच्याद्वारे प्रेरणा निलयांच्या भिंतींत पोहोचते. याच विद्युत घडामोडींची नोंद ईसीजी यंत्र कागदावर आलेखाच्या स्वरूपात घेते.

एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद लागतो. त्यात अलिंदांचे आकुंचन ०.१ सेकंद, निलयांचे आकुंचन ०.३ सेकंद आणि चारही कप्प्यांचे शिथिलन ०.४ सेकंद चालते. ठोक्याच्या वेळी ऐकू येणारा ‘लब्’ हा आवाज अलिंद व निलयांमधील झडपा मिटल्याने, तर ‘डब्’ हा आवाज अर्धचंद्राकृती झडपा मिटल्याने होतो. प्रत्येक ठोक्याला निलयातून सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. या हिशेबाने हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते.

हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा

हृदयाचे कप्पे सदैव रक्ताने भरलेले असले, तरी जाड हृद्स्नायूला त्या रक्तातून पुरेसे पोषण मिळू शकत नाही. महाधमनीच्या आरंभीच फुटणाऱ्या उजव्या व डाव्या हृद्धमनी हे काम करतात. विश्रांतीच्या वेळी हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी सुमारे ५ टक्के रक्त हृदयाकडेच परत येते. आकुंचनाच्या वेळी स्नायूतील वाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या निलयाच्या भिंतीला बहुतांश रक्त शिथिलनाच्या काळात मिळते. नाडी फार वेगाने चालू लागली की हा काळ कमी होतो आणि हृदयाचे पोषण घटते.

हृद्धमनीच्या आतील बाजूस मेदयुक्त थर साचला की तिचा मार्ग अरुंद होतो. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यास पुरवठा अचानक थांबतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. पुरवठा पूर्ण थांबल्यास साधारण अर्ध्या तासात स्नायूपेशी मरू लागतात आणि पुढील काही तासांत हानी वाढत जाते. मेलेला स्नायू पुन्हा निर्माण होत नाही. त्याच्या जागी आकुंचन न पावणारी व्रणऊती तयार होते.

छातीत दाब किंवा जडपणा, डावा हात अथवा जबडा दुखणे, घाम येणे व धाप लागणे ही झटक्याची प्रमुख लक्षणे आहेत. मधुमेही रुग्ण, वृद्ध व्यक्ती आणि स्त्रिया यांच्यात ती सौम्य किंवा वेगळी असू शकतात. पित्त किंवा गॅस समजून त्यांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

उपचारातील अंतर व वेळ : शिरूर आणि दौंड

बंद धमनी फुग्याच्या साहाय्याने उघडणे, म्हणजेच अँजिओप्लास्टी, हा झटक्यावरील सर्वांत प्रभावी उपचार मानला जातो. निदानानंतर १२० मिनिटांत हा उपचार मिळणे शक्य नसल्यास गुठळी विरघळवणारे औषध आधी द्यावे आणि नंतर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे, अशी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्यांसाठी ही वेळमर्यादा महत्त्वाची ठरते. घोड नदीकाठचे शिरूर पुणे–अहिल्यानगर मार्गावर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. भीमाकाठचे दौंड हे रेल्वे जंक्शन लोहमार्गाने पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. वाड्यावस्त्यांवरून तालुक्याच्या गावी येण्याचा वेळ यात अधिक धरावा लागतो. त्यामुळे जवळच्या रुग्णालयात लगेच ईसीजी काढणे व तेथेच प्राथमिक औषधोपचार सुरू होणे यावर हृद्स्नायूचा किती भाग वाचेल हे बऱ्याच अंशी ठरते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या दूरध्वनी क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

इतर विकार व संशोधन

घशातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या संसर्गावर उपचार न झाल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येतो व हृदयाच्या झडपा, विशेषतः द्विदली झडप, कायमच्या बिघडू शकतात. वेळीच प्रतिजैविके दिल्यास हा विकार टाळता येतो. हृदयाच्या पडद्याला छिद्र असणे यांसारखे जन्मजात दोष शोधण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी केली जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी होते. तरीही त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे आढळले. मधुमेह व हृदयविकार यांच्या धोक्याची मुळे गर्भावस्थेतील पोषणापर्यंत जाऊ शकतात, या विचाराला अशा संशोधनाने बळ मिळाले.

हृदय प्रत्यारोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात केला. केप टाऊन येथे झालेल्या जगातील पहिल्या मानवी हृदय प्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आतच ही शस्त्रक्रिया झाली होती. मात्र रुग्ण काही तासच जगला. भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या नेतृत्वाखाली झाले.